हातातला संगणक घेताना

कामरेजचा चाररस्ता म्हणजे दक्षिण गुजरातेतील एक मोठी चावडीच होय. मुंबईहून अहमदाबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग, जो पूर्वी ८ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाई आणि आता ४८ क्रमांकाचा म्हणून ओळखला जातो, तो येथून पुढे सरकतो; सुरतेचा रस्ता येथेच फुटतो आणि तापी नदी हाकेच्या अंतरावरून वाहत असते. जुन्या ताम्रपटांत ज्याला कार्मणेय म्हटले आहे ते गाव हेच, असे इतिहाससंशोधक सांगतात. तेव्हा वस्तू पारखून घेणे, भाव करणे, फसणे आणि फसवणे या गोष्टी या मातीला काही नव्या नव्हेत. नवी आहे ती वस्तू. ज्या दुकानांतून एके काळी कापड, कंदील आणि किराणा विकला जात असेल त्यांच्या जागी आज काचेच्या कपाटांतून हातात मावणारे संगणक मांडलेले दिसतात. कोणी त्याला टॅब म्हणतो, कोणी मोठा मोबाईल. नावे निराळी असली तरी आत जे यंत्र आहे ते गणकयंत्रच.

या कपाटापुढे उभा राहणारा गिऱ्हाईक बहुधा दोन प्रकारचा असतो. एकाला कोणती वस्तू हवी हे ठाऊक असते आणि पैशाची चिंता नसते. त्याच्याविषयी येथे काही सांगण्याचे कारण नाही. दुसरा म्हणजे ज्याने वर्षभर थोडेथोडे मागे टाकून दहा हजारांच्या आसपास रक्कम उभी केली आहे, आणि ज्याच्या घरी आठवी-नववीत शिकणारे मूल आहे. सुरत परिसरात असा मराठी माणूस शोधण्यास लांब जावे लागत नाही. तापीच्या काठाने भुसावळ-सुरत लोहमार्ग आला आणि त्याच मार्गाने जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडील माणसे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत येऊन स्थिरावली. सुरत महानगरपालिका आजही मराठी माध्यमाच्या शाळा चालविते, यावरून ही वस्ती किती जुनी आणि किती मोठी आहे याची कल्पना येईल. शिवाय थंडीच्या आरंभी कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की खानदेशातून आणि डांगातून कोयता घेऊन येणारी कुटुंबे बारडोली-कामरेजच्या उसाच्या पट्ट्यात पाली ठोकतात. त्यांच्यातही आता मुलासाठी यंत्र घेऊ पाहणारे आईबाप आहेत.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि धडे फोनवर येऊ लागले, तेव्हा या घरांतून एक विचित्र प्रसंग उभा राहिला. घरात फोन एक, शिकणारी मुले तीन, आणि तो एक फोनही सकाळी सातला वडिलांबरोबर कामावर जाणारा. त्या दिवसांपासून हातातला संगणक ही चैनीची वस्तू उरली नाही. पण गरज पडली म्हणजे घाई होते, आणि घाईत घेतलेली वस्तू महिन्या-दोन महिन्यांत कोनाड्यात जाऊन पडते. दहा हजार रुपये ज्याच्या दृष्टीने एका महिन्याची मिळकत आहे, त्याला ही चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही. मुलाचे ते वर्ष तसेच जाते.

अशा यंत्राचा इतिहास थोडक्यात पाहिला तर बरीच समजूत आपोआप येते. अमेरिकेत १९९६ साली पाम पायलट नावाचे खिशातले यंत्र निघाले. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र बनविण्याआधी त्याच आकाराचा लाकडाचा एक ठोकळा करून खिशात बाळगला होता. कोणाचा पत्ता पाहावयाचा असला, भेटीची वेळ टिपावयाची असली, की ते ठोकळा काढीत आणि त्यावर लिहिल्यासारखे करीत. पाहणाऱ्यांना हा वेडेपणा वाटला असेल. पण आपल्याला यंत्र कशासाठी हवे आहे, हे त्यांना यंत्र नसतानाच कळले. कामरेजच्या गिऱ्हाइकालाही ही युक्ती फुकट करता येण्याजोगी आहे. पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून आठवडाभर घरात ठेवावा आणि कोण, केव्हा, कोठे बसून तो हातात घेईल हे पाहावे. निम्म्या शंका तेथेच मिटतात.

आपल्या देशातही स्वस्त संगणकाचे प्रयोग झाले आणि ते मोठ्या आस्थेने झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतील अभियंते यांनी मिळून २००१ साली सिंप्युटर जगापुढे मांडला. साधा, स्वस्त, बहुभाषिक असा लोकांचा संगणक, हा त्या नावाचा आशय. किंमत नऊ हजारांच्या घरात राहावी असा संकल्प होता. त्यांची एक कल्पना तर फारच सुंदर होती : यंत्र गावाने मिळून घ्यावे आणि प्रत्येकाने आपले एक लहानसे कार्ड बाळगावे, कार्ड आत घातले की यंत्र तेवढ्यापुरते त्याचे. यंत्र भारतीय भाषांतून मोठ्याने वाचूनही दाखवी. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने ‘अमिडा’ नावाने तो बाजारात आला, पण तोवर साधा मोबाईल फोन त्याच्या कितीतरी पट स्वस्त झाला होता, आणि माणसांना सर्वांत आधी बोलावयाचे होते. सिंप्युटरची विक्री काही हजारांच्या पुढे गेली नाही.

पुढचा प्रयोग ‘आकाश’चा. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीस तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते तो प्रकाशात आला. डेटाविंड कंपनीने बनविलेला हा सात इंची टॅब विद्यार्थ्यास साधारण १,७५० रुपयांत मिळावयाचा होता. साऱ्या जगातील वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. पण आत काय होते? ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट कार्यस्मृती, २,१०० एमएएचची बॅटरी, आणि नखाने दाबल्याखेरीज उमगत नसे असा पडदा. त्या वेळच्या अँड्रॉइड प्रणालीत देवनागरी जोडाक्षरे धड उमटतही नसत. म्हणजे मराठी शाळेतील मुलाच्या हाती ज्यावर मराठी वाचता येत नाही अशी पाटी देण्यासारखेच ते झाले. पुढे या कामाची जबाबदारी पवईच्या आयआयटीकडे आली. प्रा. दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली त्यात सुधारणा झाल्या आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी ‘आकाश २’चे प्रकाशन केले. पडदा बोटाच्या नुसत्या स्पर्शाने चालू लागला, कार्यस्मृती दुप्पट झाली. तो पुष्कळ बरा होता. तथापि २०२३ च्या ऑक्टोबरात व्हॉट्सॲपने अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीखालील यंत्रे सोडून दिली, तेव्हा त्या काळची असली यंत्रे कोणाजवळ उरली असतील तर तीही निरुपयोगी झाली. यंत्र मोडते म्हणूनच टाकावे लागते असे नाही. भोवतालचे जग पुढे जाते म्हणूनही टाकावे लागते. स्वस्त यंत्राचे आयुष्य ठरते ते बहुधा असे.

गुजरात सरकारने २०१७ साली महाविद्यालयात व तंत्रनिकेतनात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना हजार रुपयांत टॅब देण्याची योजना काढली. मुंबई महानगरपालिकेने २०१५ साली आठवीच्या मुलांना पुस्तके भरलेले टॅब दिले, ते दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून. सरकारी यंत्र मिळत असेल तर जरूर घ्यावे. पण ते मिळेल या आशेवर नववीचे वर्ष काढू नये.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. दुकानदार पहिल्याने पडद्याचा इंच सांगतो. हा इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजलेला असतो, रुंदीचा नव्हे, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. साडेसहा इंचांचा आजचा उंचाडा फोन घेतला, तर त्याची रुंदी जेमतेम पावणेतीन इंच भरते. आठ इंची टॅबची सव्वाचार, आणि दहा इंचीची साडेपाचच्या आत. शाळेतून मिळणारी प्रश्नपत्रिका ए-४ आकाराच्या, म्हणजे सव्वाआठ इंच रुंदीच्या कागदावर असते. ती पडद्यावर पूर्ण रुंदीने बसविली, की कागदावरचे १२ पॉइंटचे अक्षर फोनवर ४ पॉइंटचे, आठ इंची टॅबवर ६ पॉइंटचे आणि दहा इंचीवर पावणेआठ पॉइंटचे होते. वृत्तपत्र वाचणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ निराळा सांगावयास नको. ४ पॉइंटचा मजकूर मूल दोन बोटांनी ताणून, डावीकडून उजवीकडे सरकवीत वाचते आणि ओळीचा आरंभ वाचेपर्यंत शेवट विसरते. म्हणून मुख्य काम पाठ्यपुस्तक वाचण्याचे असेल तर आठ इंचांखाली जाऊ नये आणि पैसे पुरत असतील तर दहा घ्यावे. मुख्य काम बोलण्याचे व पैसे पाठविण्याचे असेल तर फोनच बरा. टॅबच्या मोहात पडण्याचे काही कारण नाही.

नंतर येतात ते स्मृतीचे दोन आकडे, उदाहरणार्थ ४ आणि ६४. पहिला कार्यस्मृतीचा, दुसरा साठवणीचा. अभ्यासाला बसलेल्या मुलाचे मेज म्हणजे कार्यस्मृती आणि भिंतीतले फडताळ म्हणजे साठवण. मेज लहान असले तर एक पुस्तक उघडण्यासाठी दुसरे मिटावे लागते. यंत्राचे अडखळणे म्हणतात ते हेच. आजच्या घडीला ४ जीबी कार्यस्मृती ही खालची मर्यादा समजावी. काही खोक्यांवर ‘४ + ४, एकूण ८’ असे छापलेले असते. त्यातील दुसरे चार म्हणजे फडताळाचाच एक कप्पा मेज म्हणून वापरणे होय. त्याचा थोडा उपयोग होतो, नाही असे नाही. पण फडताळापाशी उठून जाण्यास वेळ लागतोच, आणि ते आठ काही खरे आठ नव्हेत. साठवणीचे ६४ देखील सगळे आपले नसतात. प्रणाली आणि कंपनीने आधीच भरलेली ॲप्स जाऊन हाती पन्नासच्या आतबाहेर उरतात. वरून मेमरी कार्ड घालण्याची खाच असेल तर ती मोलाची, कारण पुस्तके आणि धड्यांचे चित्रपट त्यावर एकदाच भरून ठेवता येतात.

ही खाच मोलाची का, हे खर्चाचा हिशेब मांडला म्हणजे कळते. यंत्र एकदा घेतले जाते. इंटरनेट महिन्याच्या महिन्याला. २०२४ च्या जुलैत दरवाढ झाली तेव्हा रोज दीड जीबी देणारा २८ दिवसांचा एक सर्वसाधारण रिचार्ज २९९ रुपयांचा झाला. महिना म्हणावयाचा आणि २८ दिवस मोजावयाचे, तेव्हा वर्षात असे बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. तेरांचे ३,८८७ रुपये. तीन वर्षांत ही रक्कम यंत्राच्या किमतीच्याही वर जाते. बापाच्या फोनवर एक रिचार्ज आणि टॅबवर दुसरा, हे कामरेजच्या कारागिराला झेपणारे नाही. म्हणून सिमकार्ड न लागणारा, केवळ वाय-फायवर चालणारा टॅब घेऊन त्याला फोनचे इंटरनेट वाटून द्यावे, असे जाणकार सांगतात. हा टॅब स्वस्तही पडतो. परंतु फोन कोणाच्या खिशात असतो, हा प्रश्न त्याआधी विचारावयास हवा. हिऱ्याच्या घंटीवर दहा-बारा तास बसणाऱ्या बापाच्या खिशात तो असेल, तर घरातले मूल दिवसभर कोरड्या टॅबपुढे बसेल. अशा घरी रात्री बाप आल्यावर दुसऱ्या दिवसाचे धडे उतरवून ठेवण्याची शिस्त लागत असेल तरच वाय-फायचा टॅब घ्यावा. पाठ्यपुस्तकांचे तर सोपे आहे. महाराष्ट्रात बालभारतीची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात, आणि गुजरातेत मराठी माध्यमाची पुस्तकेही काढणारे गांधीनगरचे पाठ्यपुस्तक मंडळ आपली पुस्तके संकेतस्थळावर ठेवते. दोन्ही राज्यांतील पुस्तके सारखी नाहीत, हे मात्र ध्यानात असू द्यावे. सुरतेत शिकणाऱ्या मुलाने बालभारतीचे गणित पाठ करून परीक्षेस जाणे म्हणजे एका गावचे तिकीट काढून दुसऱ्या गावच्या गाडीत बसणे.

ऊसतोडणीच्या पालीवर राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. तेथे विजेचा भरवसा नाही, धूळ आहे, दव आहे. अशा ठिकाणी दहा इंची काच मिरवण्यापेक्षा मोठ्या बॅटरीचा दणकट फोन, जाड रबरी आवरण आणि पुस्तके भरलेले मेमरी कार्ड, एवढे पुरे. बॅटरीविषयी एक गोष्ट सांगून ठेवावयाची, ती अशी की लिथियमची बॅटरी सुमारे पाचशे वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली म्हणजे तिची शक्ती चार-पंचमांशावर येते. ५,००० एमएएच दीड-दोन वर्षांनी ४,००० सारखे वागू लागते. तेव्हा पहिल्याच दिवशी जे यंत्र दिवसभर जेमतेम पुरते, ते पुढे पुरणार नाही हे उघड आहे.

मराठीची परीक्षा दुकानातच घ्यावी. अक्षरफलक मराठीचा लावून चार शब्द लिहून पाहावेत : तऱ्हा, कळ, ज्ञान, ॲप. यांपैकी ‘तऱ्हा’मधला अर्धा र आणि ‘ॲ’ हे अक्षर जुन्या किंवा हलक्या यंत्रावर हटकून अडते. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागाच मुळी २००८ साली मिळाली. हिंदीचा अक्षरफलक दाखवून ‘हेच मराठी’ असे सांगणारे विक्रेते भेटतात. लिपी एक असली तरी त्या फलकाला आपले शब्द सुचत नाहीत, आणि मुलाला प्रत्येक शब्द झगडून लिहावा लागतो. याच वेळी अँड्रॉइडची आवृत्ती कोणती आणि सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील, हेही विचारून घ्यावे. विक्रेत्यास सांगता आले नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. दोन वर्षांपूर्वीचे नमुने सवलतीत मिळतात तेव्हा त्यांच्या आयुष्यातली दोन वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात.

जुने यंत्र घेण्यात कमीपणा नाही. चांगल्या कंपनीचा दोन वर्षे वापरलेला टॅब पुष्कळदा हलक्या कंपनीच्या नव्यापेक्षा सरस ठरतो. पण त्याच्या वंशावळीची चौकशी हवी. सिम लागणाऱ्या प्रत्येक यंत्राला १५ आकड्यांचा एक आयएमईआय क्रमांक असतो. तारांकन, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की तो पडद्यावर येतो. हा क्रमांक २०२३ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर घालून यंत्र चोरीचे किंवा बंद केलेले नाही ना, हे पाहता येते. केवळ वाय-फायच्या टॅबला हा क्रमांक नसतो. तेथे मूळ पावतीवरच भरवसा ठेवावा लागतो. विकणाऱ्याने आपले गूगल खाते आपल्यासमोर काढून यंत्र मूळ स्थितीला आणून द्यावे. ते काढले नसेल तर घरी गेल्यावर यंत्र जुन्या मालकाचा परवलीचा शब्द मागत बसते आणि दगडासारखे पडून राहते.

हप्त्यांचेही असेच. ‘बिनव्याजी हप्ते’ अशी पाटी दिसली की माणूस सैल होतो. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. व्याज कोठे ना कोठे दडविलेले असते. कधी ते रोखीवर मिळाली असती त्या सवलतीत दडते, कधी प्रक्रिया शुल्कात. म्हणून दुकानदारास एकच प्रश्न विचारावा : ‘आज रोख दिले तर काय घ्याल?’ हप्त्यांची बेरीज आणि हा आकडा यांतील अंतर म्हणजे व्याज. ते परवडत असेल तर हप्ते जरूर घ्यावेत.

पैसे मोजण्यापूर्वी खोके समोर उघडून घ्यावे. चार्जरवर भारतीय मानक संस्थेची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे की नाही हे पाहावे, ज्यावर तो नाही तो चार्जर उशाशी लावून झोपण्याच्या लायकीचा नव्हे. छापील किमतीत कर धरलेला असतो, तेव्हा ‘पावती हवी तर वर जीएसटी पडेल’ हे बोलणे मानू नये. पावतीवर यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा, कारण वर्षभराची हमी त्या कागदाच्याच आधारावर उभी असते. कंपनीचे दुरुस्ती केंद्र कोठे आहे हेही तेव्हाच विचारावे. ते सुरतेत असले तर एक दिवसाचा रोज बुडवून जाता येते. मुंबईत असले तर ती हमी कागदावरच राहते. दुकानदार पावती नाकारू लागला, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. त्यावर फोन करण्यास पैसे पडत नाहीत आणि मराठीतूनही बोलता येते.